ह्यो वाटा कुणाचा?

माझ्या बापानं मला फसवलं. मासे धरायला जाऊ म्हणून निपाणीहून सदलग्याला नेलं, दिवसभर नदीकाठी गोड बोलला, आणि ऊन उतरायच्या आत मला आत्तीच्या नवऱ्याच्या ताब्यात देऊन एकटाच माघारी गेला. माझी थोरली बहीण यात सामील होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की त्यांची बाजू ऐकली असती तर बरं झालं असतं. बाजू ऐकायला मी कितीतरी वर्षं कान उघडे ठेवून बसलो होतो. कुणी सांगितली नाही.

बाप तंबाखूच्या वखारीत हमाल होता. आम्ही त्याला आप्पा म्हणायचो. आई आदल्या वर्षी काविळीनं गेली होती. घरात तिघंच राहिलो: आप्पा, आक्का आणि मी. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आई गेल्यावर आईची विड्यांची सुपली आक्काच्या मांडीवर आली, आणि तिची बोटं आईपेक्षाही चपळ निघाली. मी दुसरीत होतो. मला विडी वळायला बसवून बघितलं होतं, पण माझ्या हातात पान फाटायचं, तंबाखू सांडायची, आणि आप्पाचा हात माझ्या कानाखाली बसायचा. त्या वेळच्या निपाणीत बारा वर्षांची पोरगी म्हणजे घराचा आधार होता, आणि माझ्या वयाचं पोरगं म्हणजे नुसतं खाणारं तोंड. मी आयुष्यभर सौदे केलेत. कुठलं ठेवायचं आणि कुठलं सोडायचं हे मला कळतं. आप्पाचा हिशेब चुकला असं मी कधीच म्हटलेलं नाही. माझं भांडण त्याच्या रीतीशी आहे.

ती रीत कळायला आमच्या बोळातली एक चाल सांगावी लागेल.

सणाच्या दुसऱ्या दिवशी चार-पाच घरं मिळून बकरं घ्यायची. मटणाचे सारखे वाटे करून ताडपत्रीवर मांडले जायचे. पण माणसांना सारखं कधी सारखं वाटत नाही. म्हणून एक लहान पोर वाट्यांकडे पाठ करून उभं करायचं. मागून एकजण एका वाट्यावर बोट ठेवून विचारणार, "ह्यो कुणाचा?" पोर ज्याचं नाव घेईल त्याचा तो वाटा. पोराला दिसत नाही, त्यामुळं लबाडी नाही, त्यामुळं भांडण नाही. हाडं आली तरी माणूस गुमान उचलून घरी जायचा.

आमच्या बोळात ते पोर मी होतो. सगळ्यांनी मला एकमतानं निवडलं होतं, कारण मी भोळा दिसायचो.

आप्पानं मला शिकवून ठेवलं होतं. "मी खोकलो की माझं नाव घ्यायचं." बस, एवढंच. तंबाखूच्या वखारीत राबणारा माणूस खोकला तर संशय कुणाला येणार? अख्खा बोळ खोकायचा. पण मला माझ्या बापाचा खोकला हजारात ओळखू आला असता: आधी दोन कोरडे ठसके, मग एक घशातला. तो ऐकू आला की मी जरा थांबायचो, आभाळाकडं बघायचो, विचार केल्यासारखं करायचो आणि म्हणायचो, "आमच्या आप्पाचा." घरी आल्यावर आप्पा चुलीवरून काळजाचा पहिला तुकडा काढून फुंकर मारून माझ्या तोंडात घालायचा. "वाघ हाय माझा," म्हणायचा. त्यानं मला दुसऱ्या कशासाठी कधी चांगलं म्हटल्याचं आठवत नाही.

दसरा होऊन गेला होता. एका सकाळी आक्कानं मला उठवून न्हाऊ घातलं. आठवड्यातला न्हाण्याचा वार नव्हता. डोक्याला तेल चोपडलं, भांग पाडला, आणि चेहरा हातात धरून थोडा वेळ बघितलं.

"शाळा?" मी विचारलं.

"आज न्हाय. आप्पासंगं नदीला जायाचं. मासं धराय."

"तू?"

"मला विड्या हाईत की रं."

आप्पानं मला आजवर कुठं नेलं नव्हतं. वखारीच्या दारातसुद्धा उभं राहू देत नसे. मी नाचलो. आक्कानं भाकऱ्या बांधल्या, पिशवीत घातल्या, आणि पिशवीच्या तोंडाला दोरी गुंडाळून तिची ती गाठ मारली. विड्यांच्या जुड्यांना मारायची तसली, एक टोक ओढलं की सुटणारी, पण दुसरं ओढलं तर आवळत जाणारी. पिशवी भाकऱ्यांच्या मानानं फुगलेली होती. मी बघितलं होतं. लहानपणापासून माझी नजर वाईट नाही. बेरीज मात्र अजून शिकायची होती.

यष्टीत आप्पानं मला खिडकीजवळ बसवलं. चिकोडीच्या फाट्यावर भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि सोलून सोलून माझ्या हातात दिल्या. कंडक्टर कन्नडात काहीतरी बोलला, आप्पा हसला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अख्ख्या रस्त्यात त्यानं मला एकदाही शिवी दिली नाही. आज कुणी गिऱ्हाईक माझ्याशी एवढं गोड वागलं तर मी माझ्या वखारीला कुलूप लावून घरी जाईन.

सदलग्याच्या स्टँडवर मामा उभा होता. आत्तीच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. मळ्याचा मालक, तंबाखू आणि ऊस, घरात मूल नाही. त्याच्या मागं त्याचा सालगडी बांबूच्या काठ्या आणि पोतं घेऊन उभा होता. मामानं मला राम राम केला नाही की नाव विचारलं नाही. त्यानं माझा दंड धरून दाबला.

"खातंय काय न्हाय?"

"खातंय की," आप्पा म्हणाला. "फुडं ठिवलं की खातंय. आजारपण न्हाय, रडणं न्हाय."

"दात?"

"पडलं हुतं ते आलं की परत. दाखीव रं मामाला."

मी दात दाखवले. गंमत वाटली म्हणून हसूनच दाखवले.

दूधगंगेचं पाणी पुरातून उतरलं होतं आणि काठाला लव्हाळ्यात एक शांत डबरं मागं राहिलं होतं. पाण्यावर एका जागी शेंदूर सांडल्यासारखं दिसत होतं, आणि ते हलत होतं. जवळ गेल्यावर कळलं, ती पिल्लं होती. सुईएवढी, तांबडी, दाटीवाटीनं एकत्र पोहणारी. ती श्वास घ्यायला वर आली की पाऊस पडल्यासारखं पाणी थरथरायचं.

"मरळीची हाईत," आप्पा म्हणाला. "ह्यांच्या खाली आई-बाप असत्यात. दोघंबी. राखण करत्यात. त्यास्नी भूक न्हाय का काय न्हाय. पण पिल्लांच्यात काय पडलं तर खायाला न्हाय, मारायला येत्यात. तितंच घावत्यात."

गड्यानं डब्यातून बेडूक काढला. मामानं गळ त्याच्या पाठीच्या कातडीतून घातला, मांसातून नव्हे. असं केलं म्हणजे बेडूक मरत नाही, पोहत राहतो. "मेल्याला मरळ हुंगत बी न्हाय," मामा म्हणाला. बेडूक हातपाय ताणून लटकला होता आणि त्याचा गळा फुगत होता. काठी माझ्या हातात दिली. माझ्या! मी आप्पाकडं बघितलं. तो मामाशी कन्नडात बोलत होता. पोरांपासून काही लपवायचं असलं की आमच्याकडची मोठी माणसं कन्नडात शिरायची. मला बाजारापुरतं कन्नड येत होतं. "हुडुगा" म्हणजे पोरगा, एवढं कळलं. पोरग्याबद्दल बोलतायत म्हणजे माझं कौतुकच चाललं असणार, असं मी धरलं.

"टाक," आप्पा म्हणाला. "मधोमध टाक. पिल्लांच्यात."

मी टाकला. शेंदरी चकती फुटली, परत जुळली. बेडूक तिच्या मधोमध पाय मारत राहिला. काही झालं नाही. मग खालून एक काळी सावली आली आणि पाणी असं फुटलं की मी काठीसकट पुढं ओढला गेलो. आप्पानं मागून येऊन माझ्या हातांवर हात ठेवले. त्याच्या छातीचा तंबाखूचा वास, त्याची हनुवटी माझ्या डोक्यावर. आम्ही दोघांनी मिळून ती मरळ काठावर ओढली. हातभर लांब, काळपट हिरवी, सापासारखं तोंड. मामानं दगडानं तिच्या डोक्यावर घाव घातला आणि पोत्यात टाकली. ती मेली नाही. मरळ पाण्याबाहेर तासन् तास जगते. पोतं मध्येच उसळायचं.

"आता दुसरी," मामा म्हणाला. "जोडीदार खालीच हाय. कुठं जाणार?"

"एक राहू दे की मामा," मी म्हणालो. "पिल्लांस्नी."

मामा आणि गडी हसले. "एकट्यानं कुठं राखण हुतीया व्हय रं?" मामा म्हणाला.

आप्पा हसला नाही. त्यानं दुसरा बेडूक स्वतः लावला.

दुसरी मरळ पहिलीपेक्षा उशिरा आली, पण आली. तीही मीच धरली. दोन्ही पोत्यात गेल्यावर पिल्लांची चकती होती तिथंच राहिली, हललीसुद्धा नाही. मग काठाकडून बारीक मासे आले. आधी एक, मग झुंडीनं. चकतीच्या कडा तुटू लागल्या. एक पाणसाप लव्हाळ्यातून सरळ रेघेत आला. आम्ही भाकरी खायला बसलो तोवर शेंदूर रुपयाएवढा उरला होता.

"आता ह्यांचं कसं, आप्पा?"

"जगायची ती जगत्याल," तो म्हणाला आणि भाकरी मोडली.

भाकरी त्यानं स्वतः पिशवीतून काढली होती. मी हात घालायला गेलो तर मनगटावर चापट मारून म्हणाला, "आत हात घालू नगंस, गळ हाईत." गळ मामाच्या डब्यात होते. तेसुद्धा मी बघितलं होतं.

जेवण झाल्यावर गड्यानं कोयत्यानं दगडावर मरळी कापल्या. कापताना तुकडेसुद्धा हलत होते. उसाचा पाला अंथरून त्यानं वाटे घातले. मामानं सांगितलं, "चार घाल. पोराचाबी एक घाल. मासं त्यानंच धरल्यात."

"घाल की," आप्पा म्हणाला.

माझा वाटा! आजवर मी नुसती नावं घेणारा होतो. छाती इतकी भरून आली की मला पाय कुठं ठेवू समजेना. आप्पानं डोळा मारला आणि म्हणाला, "आमचं पोरगं लई गुणाचं हाय. त्यालाच उभा करा पाठ करून."

मी नदीकडं पाठ केली का वाट्यांकडं, हे नीट आठवतं. वाटे आणि माणसं माझ्या मागं होती, नदी माझ्या समोर. मी हात मागं बांधले, बोळात उभा राहायचो तसाच. माझं लक्ष सगळं कानात होतं. एका वाट्यात डोक्याचे दोन्ही तुकडे आणि पोटाकडचा जाड भाग होता, तो आप्पाला मिळवून द्यायचा होता. आप्पाच्या पायांत वखारीतल्या जाड टायरच्या चपला होत्या, त्यांचा आवाज मागं कुठंतरी वाजला आणि थांबला.

"ह्यो कुणाचा?" गड्यानं विचारलं.

मी थांबलो. खोकला आला नाही. म्हणजे हा तो वाटा नव्हे.

"गडीदादाचा."

"ह्यो?"

परत थांबलो. नदीच्या पलीकडं कुणी म्हशी पाण्यात घालत होतं. खोकला नाही. मला वाटलं, आप्पा विसरला. मग वाटलं, मामासमोर लाजतोय. मी थोडं जास्त थांबलो, त्याला संधी द्यावी म्हणून.

"सांग की रं," मामा म्हणाला. "झोपलास काय?"

"मामांचा."

"आन् ह्यो?"

आता दोनच उरले होते, एक माझा आणि एक त्याचा. आता तरी खोकायला हवं होतं. मी स्वतः हळूच खोकलो, आठवण करून द्यायला. मागं कुणीच हललं नाही. मी त्या दिवशी किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही, पण तेवढ्या वेळात म्हशी पाण्यात बसल्या.

"माझा," मी म्हणालो, आणि वळलो.

चौथा वाटा पाल्यावर होता. डोक्याचे दोन्ही तुकडे त्यातच होते. न खोकताही चांगला वाटा आपल्या आप्पाला गेला म्हणून मी क्षणभर आनंदानं त्याला शोधलं. गडी कोयता पुसत होता आणि माझ्याकडं बघत नव्हता. मामा माझ्या आणि पायवाटेच्या मध्ये येऊन उभा राहिला होता. त्याच्या कमरेच्या बाजूनं मला लांबवर बांधावरून चाललेली पांढरी टोपी दिसली. चालत नव्हती, पळत होती. हातात टायरच्या चपला होत्या.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला पक्कं आठवतं आणि त्याची मला आजही चीड येते. मी ओरडलो, "आप्पा, तुमचा वाटा ऱ्हायला!"

मी पळालो तसं मामानं दंड पकडला. सकाळी दाबून बघितलेला तोच दंड.

"गप. बस चुकंल त्याची."

"मला जायाचं हाय!"

"कुठं? आता तुजं घर हितंच. आत्ती रांधून वाट बघत बसल्या."

मी त्याच्या मनगटाला चावलो. त्यानं मला उलट्या हाताची एक दिली आणि पोत्यात घातलेल्या मरळीसारखं काखेत दाबून घरी नेलं. गड्यानं मागून पिशवी आणली. आत्तीनं पिशवीची गाठ सोडायला टोक ओढलं, ते चुकीचं टोक होतं, गाठ आवळली. शेवटी विळीनं कापली. भाकऱ्यांच्या फडक्याखाली माझे दोन सदरे आणि चड्डी घडी करून ठेवले होते, आणि पाटी. पाटीवर आदल्या दिवशीचा पाढा तसाच होता.

संध्याकाळी आत्तीनं चारातले तीन वाटे एकत्र शिजवले. माझ्या ताटात डोक्याचा तुकडा वाढला. आप्पाच्या वाट्यातला. मी खात नाही म्हटल्यावर मामानं मान धरून खायला लावला. "वाया घालवायचं न्हाय ह्या घरात," तो म्हणाला.

त्या घरात मी काय काय केलं याची यादी देत बसत नाही. शेण, पाणी, तंबाखूचा खुडा, आणि सवड मिळाली तर शाळा. तीसुद्धा सातवीत बंद. मामा वाईट नव्हता असं आत्ती मरेपर्यंत सांगायची. स्वतःची खात्री करून घेण्याची तिची पद्धत असावी. एक गोष्ट मात्र मी त्याच्याकडून शिकलो. तंबाखूच्या सौद्यात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो, वर दोघं हवापाण्याचं बोलत असतात. मामा मला सोबत न्यायचा. मी उपरण्याकडं बघत नसे. मी माणसाच्या गळ्याकडं बघायचो. खोटं बोलणाऱ्याचा गळा बेडकासारखा हलतो. एवढ्या भांडवलावर मी पुढं निपाणीत स्वतःची वखार उभी केली, आणि कुणाच्या बापाचा त्यात पैसा नाही.

पण त्याआधीचं एक राहिलं. पहिल्याच उन्हाळ्यात मी सदलग्याहून पळालो. उसाच्या गाडीवर बसून, मग चालत, मग एका ट्रकवाल्याच्या पाया पडून निपाणीला आलो. भर दुपारी आमच्या बोळात शिरलो. पायांची सालटी निघाली होती. घराच्या दाराला आतून कडी होती. आत कात्रीचा आवाज येत होता, विडीचं पान कापायच्या कात्रीचा. मी दाराला तोंड लावून हाक मारली, "आक्का."

कात्री थांबली.

मी वाट बघितली. "आक्का, मी आलोय गं. दार उघड."

आत कुणीतरी उठलं. सुपली खाली ठेवल्याचा आवाज आला. पावलं दारापर्यंत आली. फळीच्या फटीतून मला तिच्या परकराचा हिरवा काठ दिसत होता. ती दारापलीकडं उभी राहून श्वास घेत होती आणि मी दाराअलीकडं उभा राहून. मी मुठींनी दार बडवलं. शेजारची म्हातारी बाहेर येऊन बघून परत आत गेली. सावली माझ्या पायाखालून भिंतीवर चढेपर्यंत मी तिथं होतो. कडी निघाली नाही.

मग आप्पा वखारीतून आला. त्यानं मला मारलं नाही. मनगट धरून स्टँडवर नेलं आणि सदलग्याच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसवून दिलं. गाडी सुटताना तो खोकला. माझ्यासाठी नव्हे, नुसताच.

यानंतर तो मला एकदाच भेटायला आला, सन एकोणीसशे ऐंशीच्या पुढच्या कुठल्यातरी वर्षी. माझी वखार तेव्हा नवी होती. मी एका बागायतदाराशी सौद्यात बसलो होतो, माझी बोटं त्याच्या उपरण्याखाली, आणि दार माझ्या पाठीमागं. दाराशी दोन कोरडे ठसके आले आणि मग एक घशातला.

माझ्या बोटांनी उपरण्याखाली चूक केली. आयुष्यात एकदाच. बागायतदार हसला आणि मी उपरण्याखाली त्याचं बोट पुन्हा आवळलं. मी वळलो नाही. मागून परत खोकला आला. वखारीतला मुनीम म्हणाला, "मालक, कुणी म्हातारं आलंय."

"सौदा चाललाय," मी म्हणालो. "थांबायचं असंल तर थांबू दे."

मी त्या बागायतदाराला चहा पाजला, पान खिलवलं, त्याच्या पोरीच्या लग्नाची चौकशी केली. मला कुणाच्याच पोरीच्या लग्नाशी काही घेणं नव्हतं. खोकला अधूनमधून येत राहिला. मग यायचा थांबला. तेव्हा मी वळलो. दारात कुणी नव्हतं. उंबऱ्याजवळ ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मुनीमानं उघडलं. एक मरळ होती, छोटी, अजून तोंड उघडझाप करणारी.

"काय करायचं मालक?"

"गटारीत टाक."

लोक मला म्हणतात, बाप होता, माफ करायचं. मी विचारतो, त्यानं माफी मागितली का? मासा ठेवला. माशानं माझं काय भागवायचं होतं? त्या पावसाळ्यात तो गेला. मी माती द्यायला गेलो नाही, आणि त्याबद्दल मला कुणी काही ऐकवायच्या भानगडीत पडू नये.

आता उरली आक्का. आक्का आज पिरनवाडीला लेकाच्या घरी असते. घर चांगलं आहे, पुढं तुळस, गच्चीवर टाकी. तिचा लेक कचेरीत आहे. मी गेलो की ती खुर्ची पुसून देते, जणू मी कुणी साहेब.

मागच्या खेपेला मी बसलोच नाही. म्हणालो, "आक्का, पिशवीची गाठ तू मारली हुतीस."

"आप्पानं सांगितलं, मारली. माझं वय काय हुतं रं?"

"कापडं घडी करून ठिवलीस. पाटी ठिवलीस. म्हणजे तुला ठावं हुतं."

तिनं पदराला बोट गुंडाळलं. ती बोटं आता वाकडी झालीत, पण पिळायची सवय गेलेली नाही. "तुझं चांगलंच झालं की रं. आत्तीच्या मळ्यात पोट भरून जेवलास. हितं ऱ्हायला असतास तर हमालच झाला असतास. आज दारात जीप हाय तुझ्या."

"जीपचं मी विचारलं न्हाय. कडीचं विचारतोय."

"कसली कडी?"

"आक्का!"

तिचा लेक आतून बाहेर आला. "मामा, आवाज खाली करा. शेजारी ऐकत्यात."

"ऐकू देत. तुझ्या आईला बोलायला सांग."

आक्का उठून आत गेली आणि चहा घेऊन आली. कप माझ्यापुढं ठेवला आणि जमिनीकडं बघत म्हणाली, "जगलास न्हवं? आमच्यापरीस बरा जगलास. मग आता कशाला?"

मी कप बशीसकट उचलून अंगणात फेकला. तुळशीच्या कट्ट्यावर फुटला. तिची सून ओरडली. आक्का मात्र दचकली नाही. खाली बसून तुकडे गोळा करू लागली, आणि गोळा करताना तिचा गळा हलत होता. ती बोलणार होती. मला गळे वाचता येतात. मग तिनं तुकडे पदरात घेतले, आत गेली आणि दार लावून घेतलं.

आप्पा गेला. मामा गेला. आत्ती गेली. गडी कुठं असेल कुणास ठाऊक. ज्याला ज्याला विचारायचं ते सगळे निसटले, आता एकटी तू उरलीस, आक्का, आणि तुझ्या लेकाला वाचता येतं, तो हे तुला वाचून दाखवेल. गाठीचं मी सोडून देतो. गाठ आप्पाच्या हुकुमानं मारलीस, मान्य. पण त्या दुपारी आप्पा वखारीत होता. घरात तू एकटी होतीस. कात्री थांबवून दारापर्यंत आलीस. तुझा हात कडीपर्यंत पोचत होता, मला माहीत आहे, कारण रोज तूच ती लावायचीस. कडी का काढली नाहीस? रडू नकोस, चहा करू नकोस, माझं भलं झालं ते मला सांगू नकोस. मी परत येणार आहे, आणि या खेपेला उत्तर घेतल्याशिवाय तुझ्या दारातून हलणार नाही. कडी का काढली नाहीस, आक्का? सांग.